एकाच नावाचे दोन लूप

प्रश्न : मी जिंजा (साच्यात मूल्ये भरून मजकूर तयार करणारे साधन) टेम्प्लेट वापरून सी भाषेतला कोड तयार करतो. ३ ओळी आणि ४ स्तंभांच्या कोष्टकासाठी लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करणारा कोड) लिहून देणारा एकच मॅक्रो (नाव देऊन पुन्हा वापरता येणारा टेम्प्लेटचा तुकडा) मी एकात एक असा दोनदा वापरला. कंपायलरने (सी कोड यंत्रभाषेत बदलणाऱ्या प्रोग्रामने) काहीच तक्रार केली नाही, पण कोष्टकाचे फक्त कर्णावरचे रकाने भरले. शिवाय टेम्प्लेट ज्या टिप्पण्या छापते, त्यांत ओळीच्या क्रमांकाऐवजी स्तंभाचा क्रमांक येतो. दोन्हींचे कारण एकच आहे का?

उत्तर : लक्षणे सारखी दिसली तरी बिघाड दोन आहेत, कारण तुमच्याकडे लूपही दोन ठिकाणी आहेत : काही टेम्प्लेट चालताना फिरतात, तर काही तयार झालेल्या सी कोडमध्ये.

टिप्पण्यांचा प्रश्न पहिल्या प्रकारचा आणि सोपा आहे. जिंजात ‘लूप’ हे नाव नेहमी सर्वांत आतल्या लूपलाच लागू होते. म्हणून बाहेरचा लूप सुरू होताच ‘सेट’ने तो वेगळ्या नावात ठेवावा आणि आत त्या नावाचा ‘इंडेक्स’, म्हणजे फेरीचा क्रमांक, वाचावा.

कर्णाची गोष्ट मात्र जिंजाच्या हाताबाहेरची आहे, कारण त्याच्या लेखी तुमचा सी कोड म्हणजे निव्वळ मजकूर. मॅक्रोने लूपच्या फेऱ्या मोजणाऱ्या चलासाठी दोन्ही वेळा ‘आय’ हेच नाव छापले, आतल्या ‘आय’ने बाहेरच्याला झाकले आणि रकान्याचे दोन्ही निर्देशांक आतल्याच ‘आय’वरून ठरले. सीमध्ये हे नियमबाह्य नसल्याने कंपायलर गप्प राहिला. जीसीसी या सी कंपायलरमध्ये यासाठी ‘शॅडो’ ही इशारा-सूचना आहे, पण नेहमीच्या इशाऱ्यांचा संच चालू करणाऱ्या ‘वॉल’ (-Wall) पर्यायात ती येत नसल्याने वेगळी चालू करावी लागते. कर्णावरचे रकाने तीनच असले, तरी आतला लूप चारदा फिरतो; म्हणजे चौथे मूल्य कोष्टकाबाहेरच्या स्मृतीत लिहिले जात होते, आणि माझ्या मते हा दोष अपुऱ्या भरलेल्या कोष्टकापेक्षा अधिक गंभीर आहे. ‘आय’ एकदाच वर घोषित करून दोन्ही लूपांत तोच वापरला असता, तर आतला लूप संपताना तो ४ झाल्याने बाहेरचा लूप एका फेरीतच संपला असता आणि १० ओळी असत्या, तर कधीच संपला नसता.

उपाय म्हणजे लूप कितव्या पातळीवर आहे तो आकडा मॅक्रोला पॅरामीटर म्हणून द्यावा, त्यावरून ‘आय१’, ‘आय२’ अशी नावे बनवावीत आणि ‘कॉलर’मार्फत (मॅक्रोला दिलेला आतला मजकूर छापणाऱ्या जिंजाच्या सोयीने) ते नाव आतल्या मजकुराकडे पोहोचवावे. त्यासाठी जिंजाच्या ‘लूप डेप्थ’वर विसंबू नये, ती फक्त रिकर्सिव्ह (स्वतःलाच पुन्हा आत बोलावणाऱ्या) लूपची पातळी मोजते.