वाचकांचे प्रश्न : जीपचे डिझेल आणि डिफरन्शियल

प्रश्न : २९ ऐवजी ३१ इंची टायर बसवल्यापासून माझ्या फोर-व्हील-ड्राइव्ह जीपचे मायलेज घटले आहे. डिफरन्शियलचे (इंजिनाची फिरकी दोन्ही बाजूंच्या चाकांना वाटून देणाऱ्या पेटीचे) गिअर बदलावेत का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी हिशेब तपासावा. मोठ्या टायरमुळे मीटरवर १०० किलोमीटर दिसतात तेव्हा गाडी प्रत्यक्षात सुमारे १०७ धावलेली असते, म्हणजे मायलेज दिसते तितके घटलेले नसते. गिअरचे गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याचे किती फेरे) आणखी कमी केल्यास पुणे महामार्गावर इंजिनाचे फेरे घटतील खरे, परंतु मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पावसाळ्यात ओढ कमी पडून क्लच जळेल. शिवाय पुढच्या-मागच्या डिफरन्शियलचे गुणोत्तर सारखेच ठेवावे लागत असल्याने खर्च दुप्पट. त्यापेक्षा पुढच्या चाकांना फ्री-व्हीलिंग हब (चाक हवे तेव्हा अ‍ॅक्सलपासून, म्हणजे ते फिरवणाऱ्या दांड्यापासून, सुटे करणारे भाग) बसवावेत, म्हणजे डांबरी रस्त्यावर पुढचे अ‍ॅक्सल विनाकारण फिरणार नाहीत. बचत बेताचीच होईल. कोणताही बदल करण्यापूर्वी आरटीओत चौकशी अवश्य करावी.