तुमचे प्रश्न, आमच्या ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, नमस्कार. माझा मुलगा 11 वर्षांचा आहे, सध्या त्याला दुसऱ्या महायुद्धातल्या इंग्लंडमधल्या पोरांच्या गोष्टींनी वेड लावलंय. त्यात म्हणे मुलांना पडलेल्या जर्मन विमानातली मशीनगन सापडते आणि ती ते लपवून ठेवतात. दिवसभर तोच विषय. त्याला युद्ध म्हणजे मज्जा वाटेल अशी भीती वाटते, पुस्तक काढून घेऊ का? (एक आई, सांगली)

उत्तर : अजिबात काढून घेऊ नका हो. तुम्ही म्हणताय ते बहुतेक रॉबर्ट वेस्टॉलचं 'द मशीन गनर्स', 1975 चं. वेस्टॉलचा जन्म 1929 चा, म्हणजे 1940-41 च्या हिवाळ्यात इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर त्याच्या गावावर बॉम्ब पडत होते तेव्हा तो बरोब्बर तुमच्या मुलाच्या वयाचा होता, आणि ही गोष्ट पुढे त्याने लिहिली ती आपल्या 12 वर्षांच्या मुलासाठी. तेव्हाची पोरं सकाळी शाळेत जाताना रस्त्यावर पडलेल्या बॉम्बच्या कपच्या वेचायची आणि मधल्या सुट्टीत अदलाबदल करायची, आपण काडेपेटीचे छाप जमवायचो ना, अगदी तसंच. तेव्हा बंदुकीचं आकर्षण त्यात आहेच, ते लपवण्यात अर्थ नाही. पण पुढे त्या मुलांच्या हाती एक जिवंत जर्मन सैनिक लागतो, त्याला नाव आहे, त्याला खायला द्यावं लागतं, आणि हळूहळू तो त्यांना आवडायला लागतो. तिथून गोष्ट वेगळीच होते. शेवट मी सांगत नाही, मुलासोबत तुम्हीपण वाचा.

मला या प्रकारच्या गोष्टी आवडतात त्याचं कारण लढाई नाहीये, कारण आहे घर. बाबा कामावर नाहीतर सैन्यात, आई रेशनच्या रांगेत, मोठ्यांचं लक्ष नाही म्हणून पोरांना मोकळं रान मिळतं आणि मग मित्रच घरचे होतात. 1 सप्टेंबर 1939 पासून तीन-चार दिवसांत ब्रिटनमधल्या शहरांतून सुमारे 15 लाख लोक खेड्यांत हलवले, त्यात निम्म्याहून जास्त शाळकरी पोरं. गळ्यात दोरीने अडकवलेला पुठ्ठ्याचा डबा, त्यात गॅस मास्क, कोटाला नावाची चिठ्ठी. गावात पोचल्यावर हॉलमध्ये उभं करायचे आणि गावकरी येऊन "ही मला चालेल" म्हणत एकेकाला घेऊन जायचे, आणि जो शेवटपर्यंत कुणी नेला नाही त्या पोराला काय वाटलं असेल हे तुमच्या मुलाला विचारून बघा, युद्धाची मज्जा आपोआप उतरेल. गोळ्या-चॉकलेटसुद्धा 1942 पासून रेशनवर, बहुतेक काळ महिन्याला साधारण 340 ग्रॅम, आणि ते 1953 पर्यंत चाललं, युद्ध संपून आठ वर्षं झाली तरी! हे त्याला किचनच्या वजनकाट्यावर मोजून दाखवा.

आणि आपल्याकडचं सांगायचं तर 1971 चा डिसेंबर मला आठवतो. बाबांनी खळ करून खिडक्यांच्या काचांना ब्राऊन पेपर चिकटवला होता, गाड्यांचे हेडलाईट वरून अर्धे काळे. सायरन झाला की खालून कुणीतरी ओरडायचं "लाईट बंद करा", आणि चाळीतली आम्ही सगळी पोरं जिन्यात अंधारात बसायचो. समोरच्या खोलीतल्या मुलीशी माझी तेव्हा कट्टी होती, त्या अंधारात तिने माझा हात धरला तो लाईट येईपर्यंत सोडला नाही, मग कट्टी कसली राहतेय. तुमच्या घरी आजी-आजोबा असतील तर त्यांना मुलासमोर विचारा, त्यांच्याकडे असं काहीतरी नक्की असणार.

प्रश्न : मुलीला शाळेच्या प्रोजेक्टसाठी युद्धकाळातली मैत्रीची गोष्ट लिहायचीय, पण आपल्या भागातली हवी म्हणते. काय सुचवाल? (एक वडील, इचलकरंजी)

उत्तर : अहो, तुमच्या दारातच आहे की! कोल्हापूरजवळचं वळिवडे. 1943 ते 48 तिथे पोलंडच्या निर्वासितांचा कॅम्प होता, जवळपास 5 हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. रशियाने त्यांना घरातून उचलून सैबेरियाकडे नेलं, तिथून सुटून इराणमार्गे ती आपल्याकडे आली. कॅम्पात त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, स्काउटसुद्धा. आज आपण कपडे घ्यायला जातो ते गांधीनगर त्याच जागेवर, पोलिश लोक गेल्यावर तिथे सिंधी निर्वासित आले. कोल्हापुरात महावीर गार्डनमध्ये त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे, मुलीला आधी तिथे घेऊन जा आणि तिला वहीत लिहू दे की वळिवड्याची एक मुलगी कुंपणाशी उभी आहे, पलीकडे तिच्याच वयाची एक पोलिश मुलगी, दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, आणि एकीच्या हातात उसाचं कांडं आहे. पुढचं तिचं तिला सुचेल.