पहाटेचा गोळा गाडीसोबत चालतो

प्रश्न : सर, नमस्कार. आमच्याकडे सध्या शेतीची लाईट रात्रीची आहे. पहाटे चारला पिलबागेच्या (केळीच्या खोडव्याच्या) ठिबकचे कॉक फिरवायला गेलो, तर पूर्वेला केळीच्या शेंड्यांवर पांढराशुभ्र गोळा. मधूनच लाल-हिरवा व्हायचा, थरथरायचा. मोटारसायकलवर घराकडे निघालो तर सोबत चालू लागला, थांबलो की थांबला. उजाडेपर्यंत वर सरकत फिकट झाला. लागोपाठ तीन पहाटे हेच. आई चकवा म्हणते, पोरं हसतात. सैन्याच्या लोकांनीही असं पाहिलंय म्हणे, खरं का?
— एक केळी उत्पादक, ता. रावेर

उत्तर : भाऊ, खरं आहे. हसणाऱ्यांना आधी लडाखचं सांगा. ऑगस्ट 2012 ते फेब्रुवारी 2013 या काळात आपल्या जवानांनी सीमेवर असे प्रकाशगोळे 329 वेळा नोंदवले. चिनी ड्रोन असावेत असा संशय होता. बंगळूरूच्या खगोलशास्त्रज्ञांनी नोंदी तपासल्या, तर ते गुरू आणि शुक्र निघाले. जवान खोटं बोलत नव्हते, तुम्हीही बोलत नाही.

तुम्ही लिहिलेलं ‘लागोपाठ तीन पहाटे’ मला फार मोलाचं वाटलं. त्याच वेळी, त्याच दिशेला, रोज: म्हणजे बहुधा शुक्रच. क्षितिजालगत त्याचा उजेड हवेच्या गार-गरम थरांतून येतो, म्हणून रंग बदलतो. सोबत चालण्याचं म्हणाल, तर भुसावळहून रेल्वेत बसल्यावर खांब मागे पळतात आणि चंद्र खिडकीतच राहतो. तसंच हे.

‘उडती तबकडी’ हा शब्द 1947 चा. 24 जूनला अमेरिकेत माउंट रेनिअरजवळ केनेथ अरनॉल्ड या वैमानिकाला नऊ चकचकीत वस्तू दिसल्या. पाण्यावर बशी फेकली की जशी उड्या मारत जाईल तशा त्या चालल्या होत्या, असं तो म्हणाला. तो चालीबद्दल बोलत होता, वर्तमानपत्रांनी आकारच बशीचा करून टाकला.

पण मला सर्वात जास्त सलतो तो कॅप्टन थॉमस मँटेल. 7 जानेवारी 1948, केंटकी. खाली हवाई तळावरून लोकांना आकाशात काहीतरी दिसत होतं, ते बघायला हा वर गेला. विमानात प्राणवायूची सोय नव्हती. तरी चढत राहिला, शुद्ध हरपली, विमान कोसळलं. ती वस्तू बहुधा नौदलाचा प्रचंड फुगा होती. पण ती मोहीम गुप्त, त्यामुळे तळावर कोणाला ठाऊकच नव्हतं. एका खात्याने दुसऱ्याला सांगितलं असतं, तर माणूस वाचला असता.

अमेरिकन हवाई दलाने 1969 पर्यंत आकाशात काहीतरी दिसल्याच्या अशा 12,618 नोंदी तपासल्या. 701 चा उलगडा झाला नाही. त्यावरून परग्रहवासी आले म्हणणं चूक, आणि त्या 701 नोंदी करणारी माणसं वेडी म्हणणं त्याहून चूक.

2 एप्रिल 2022 ची रात्र मी चोपड्यात गच्चीवर होतो. आकाशातून जळते तुकडे रांगेने गेले. विमान फुटलं, आत माणसं असतील, या विचाराने माझे हातपाय गार पडले. मग कळलं, चंद्रपूर जिल्ह्यात लाडबोरीला धातूचं मोठं कडं पडलंय. चिनी अग्निबाणाचा भाग, असं तज्ज्ञांनी सांगितलं. डोळ्यांनी जे पाहिलं ते खरंच होतं, ‘विमान’ हे नाव तेवढं मी दिलेलं.

आता हे करा. उद्या गाडी बंद करून एका जागी उभे राहा. विजेच्या खांबाशी गोळा ताडून बघा. हात ताणून मूठ धरा आणि तो क्षितिजापासून किती मुठी वर आहे ते वहीत वेळेसह लिहा. तासाभराने पुन्हा. जवळपास दीड मूठ वर गेला, तर तो आकाशातलाच ग्रह-तारा, बहुधा शुक्र. आईलाही सोबत न्या, त्यांच्या डोळ्यांनी बघू द्या.

हिशेब जुळला नाही, तर वही घेऊन मला कळवा. मी रावेरला येतो, पहाटे बांधावर दोघं उभे राहू.