लेझर केलं, तरी दिसत का नाही?

काचबिंदूचं लेझर झालेली माणसं सांगलीत माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात ती बहुतेक एकच वाक्य घेऊन: “लेझर केलं, पण फरक काहीच नाही.” तासगावकडच्या एका द्राक्ष बागायतदार आण्णांचंही तेच. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) एसएलटी, म्हणजे डोळ्यातला दाब उतरवणारं लेझर, होऊन १२ दिवस झालेले. काकू म्हणाल्या, “उठल्या उठल्या एक डोळा झाकून कॅलेंडर वाचत्यात. नाही दिसलं की दिवसभर कुणाशी बोलत न्हाईत.”

“शेजाऱ्याला मोतीबिंदूनंतर दुसऱ्या दिवशी लख्ख दिसाय लागलं. मला का न्हाई?”

मोतीबिंदूत गढूळ भिंग बदलतात. काचबिंदूत डोळ्याची नस झिजते, ती पुन्हा भरून येत नाही. हे डॉक्टरांनी सांगितलेलं आण्णांना पाठ होतं, पटलं नव्हतं. दुसऱ्या भेटीत मी बागेकडे वळले.

“डाऊनी बुरशीनं करपलेलं पान फवारणीनं हिरवं होतं?”

“छे! पुढची पानं वाचत्यात.”

“मग फवारणी वाया गेली?”

आण्णा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “म्हंजे गेलेलं गेलंच.” आणि डोळे पुसले. माझ्या मते खरी सुधारणा इथून सुरू झाली. नजर परत यावी ही इच्छा रास्तच. ती ‘यायलाच हवी’ झाली, की रोजची सकाळ परीक्षा होते. गेलेल्या नजरेचं रडणं राहून गेलं होतं, त्याचा राग लेझरवर निघत होता.

कॅलेंडरची परीक्षा बंद केली. मोजायचा तो डोळ्यातला दाब, आणि तो दवाखान्यात. लेझरचा पूर्ण परिणाम कळायला ४ ते ६ आठवडे, कधी ३ महिने लागतात. पहिले एक-दोन दिवस धूसर दिसणं, उजेड खुपणं, थोडी लाली चालते. आंघोळ, स्वयंपाक, चालणं चालू ठेवावं. फवारणीची धूळ आठवडाभर टाळलेली बरी. डोळा चोळू नये. दोन औषधांच्या थेंबांत ५ मिनिटं जाऊ द्यावीत; थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा २ मिनिटं दाबावा, नाहीतर औषध घशात उतरतं. जोराचं दुखणं, उलटी, दिव्याभोवती रंगीत वलयं किंवा अचानक नजर कमी होणं: त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, माझी वाट बघायची नाही.

सहाव्या आठवड्यात दाब २८ वरून २० वर आला होता.

“आता थेंब बंद करू?” आण्णांनी विचारलं.

“डाऊनी दिसली नाही म्हणून तुम्ही फवारणी सोडता?”

“न्हाई ओ.” काकूंनी पिशवीतून थेंबाची बाटली काढली, अकरा वाजले होते.