"तुझी काही चूक नाही" असं कितीही सांगितलं तरी मुलाला पटत नाही तेव्हा

"हसू नका हं मॅडम, पण आमचा ससा गेला." समुपदेशक म्हणून हे वाक्य मी आता इतक्या जणांकडून ऐकलंय की फोनवर पहिले चार शब्द आले की पुढचं मला कळतं. कुणाच्या सशाने वायर कुरतडली, कुणाचा उन्हाने तापलेल्या बंद खोलीत राहिला, कुणाचा सकाळपासून खात नव्हता आणि घरच्यांनी "उद्या बघू" म्हटलं (ससा बारा तास काही खात नसेल तर ती इमर्जन्सी असते, पण हे बहुतेकांना नंतरच कळतं). आधी सगळे रडल्याबद्दल माफी मागतात, मग थोड्या वेळाने खरा प्रश्न येतो: माझ्यामुळेच गेला ना? किंवा, ह्याच्यामुळे गेला, आता मी ह्याच्याशी कसं बोलू? म्हणून एका घराची गोष्ट सांगते, नावं आणि तपशील अर्थातच बदललेत.

मुलाला ओंकार म्हणू, वय बारा, आणि सशाचं नाव कापूस. ओंकार कापूसला उचलून पिंजऱ्याकडे नेत होता, त्याने मागच्या पायांनी जोरात झटका दिला, हातातून सुटून खाली पडला आणि त्याचे मागचे पाय हलेनात. एक्स-रेमध्ये कणा मोडलेला दिसला आणि त्याच रात्री त्याला मरण देणारं इंजेक्शन द्यायचा निर्णय आईबाबांनी घेतला.

आई माझ्याकडे आली तेव्हा थकलेली होती. "मी त्याला शंभर वेळा सांगितलं बाळा तुझी काही चूक नाही, बाबांनी सांगितलं, आजीने सांगितलं, तरी तो नीट जेवत नाही, खेळायला जात नाही, पिंजऱ्याला कुणाला हात लावू देत नाही. अजून काय सांगू मॅडम?"

मी म्हटलं, सध्या काहीच सांगू नका.

ओंकार एकटा बसला तेव्हा त्याला वाटलं असणार की आता ही बाई पण तेच म्हणणार. मी विचारलं, "काय झालं ते मला पहिल्यापासून सांग, तू काय केलंस ते पण सांग." तेव्हा त्याने मान वर केली. कुठला हात कुठे होता, कापूस कसा ताठ झाला, कसा सटकला, सगळं सांगितलं, आणि मी मध्ये एकदाही "असू दे रे" म्हटलं नाही.

"आई म्हणते माझी चूक नाही," तो शेवटी म्हणाला.

"तुला पटतं?"

"नाही."

"का?"

"कारण तो पडला तेव्हा ती ओरडली, सांगितलं होतं ना उचलू नकोस म्हणून! ते ती विचार न करता बोलली. नंतरचं सगळं ती विचार करून बोलते."

एवढ्याशा मुलाने केवढी मोठी गोष्ट पकडली होती. मोठी माणसं नंतर कितीही मऊ बोलली तरी मुलं पहिल्या वाक्यालाच खरं मानतात, आणि का मानू नये? शिवाय आपण जे घाईघाईने "तुझी चूक नाही" म्हणतो ना ते निम्मं तरी आपल्यासाठी असतं, कारण त्याचा तो चेहरा आपल्यालाच बघवत नाही. मुलाला त्यातून एवढंच ऐकू येतं की हा विषय बंद कर. मग तो बोलायचं बंद करतो आणि आतल्या आत खटला चालू ठेवतो, जिथे वकील पण तोच आणि न्यायाधीश पण तोच.

माझी विचारांची बैठक अल्बर्ट एलिस ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची आहे, हे मला ओळखणाऱ्यांना माहीत आहे. १९५५ पासून तो माणूस एक गोष्ट सांगत राहिला, कृतीला काय मार्क द्यायचे ते द्या, आख्ख्या माणसाला देऊ नका. "उचलताना माझी पकड सुटली" हे खरं आहे. "मी त्याला मारलं, मी वाईट मुलगा आहे" हे खोटं आहे. आपण काय करतो, दुसरं वाक्य पुसायच्या नादात पहिलं पण पुसतो, आणि मुलाला तर माहीत असतं की पहिलं खरं आहे, मग तो आपलं काहीच ऐकत नाही. पहिलं मान्य करा, दुसरं आपोआप सैल पडायला लागतं. थोडं मिरवून सांगते, ह्या एका फरकावर मी बऱ्याच घरांतला अबोला सुटताना बघितलाय.

पुढे एकदा तो म्हणाला की मित्र जोक मारतात तेव्हा हसू येतं आणि तो ते दाबतो. "मी हसलो तर कापूसला काय वाटेल?" म्हणजे वाईट वाटून घेणं ही त्याची कापूसशी शेवटची निष्ठा होती, ती सोडली तर कापूस पूर्णच गेला असता. अशा मुलाला "विसर आता" म्हणणं किती क्रूर आहे बघा.

मग आईला आत घेतलं. तिला आधी सांगून ठेवलं होतं की ते ओरडलेलं वाक्य नाकारू नका. ती बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली, "हो ओंकार, मी ओरडले. आणि त्या क्षणाला मला खरंच वाटलं की हे तुझ्यामुळे झालं." तो पहिल्यांदा तिच्याकडे सरळ बघायला लागला. "पण तू त्याला रोज उचलायचास आणि मी फोटो काढायचे. माझ्या फोनमध्ये अजून आहेत ते. सांगितलं होतं म्हणते मी, पण थांबवलं तर कधीच नाही ना."

हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. आणि ह्याच वाक्याला तो रडला, आवाज करून, पहिल्यांदाच.

आदल्या दिवशी जे फोटो काढण्याइतकं गोड होतं ते दुसऱ्या दिवशी गुन्हा झालं, मधे बदललं काय, तर फक्त शेवट कळला. बारूख फिशहॉफ ह्या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये प्रयोगातून दाखवलं होतं की निकाल कळलेल्या माणसाला तो निकाल आधीपासूनच जास्त शक्य वाटायला लागतो आणि आपण निकालामुळे असं म्हणतोय हे त्याला कळतही नाही. "मला कळायला हवं होतं" म्हणणारा प्रत्येक जण शेवट माहीत असलेल्या डोक्याने सुरुवातीकडे बघत असतो.

रडून झाल्यावर ओंकारने विचारलं, "मी घट्ट धरला असता तर?" खोटं बोलायचं नव्हतं. मी सांगितलं की सशाचे मागचे पाय फार ताकदवान आणि हाडं फार हलकी, वजनाच्या साधारण ७ ते ८ टक्के, मांजरीची १२-१३ असतात. त्याला उचललं की शिकाऱ्याने पकडल्यासारखं वाटतं, तो झटका देतो, आणि कधीकधी पडायच्या आधी त्या झटक्यातच कणा मोडतो. मागून खालून आधार देऊन छातीशी धरला असता तर धोका कमी झाला असता, हे खरं आहे. पण हे तुला कुणी दाखवलं नव्हतं, हेही तेवढंच खरं आहे. "मग आईला पण नव्हतं दाखवलं," तो म्हणाला. आईचा हात त्याने धरला की तिने त्याचा, मला नीट दिसलं नाही.

आता तुमच्या घरात असं झालं असेल तर काही गोष्टी. मुलाला "झोपवलं" असं सांगू नका, लहान मुलं मग रात्री झोपायला घाबरतात, "मेला" हाच शब्द वापरा. इंजेक्शनचा निर्णय मोठ्यांनी घेतला हे स्पष्ट सांगा, नाहीतर ते ओझंपण मूल गुपचूप उचलतं. पिंजरा मुलाला न विचारता हलवू नका. दोन ससे असतील तर मागे राहिलेल्याला गेलेला जोडीदार थोडा वेळ बघू द्या, वास घेऊ द्या, आणि तो खातोय की नाही ह्यावर लक्ष ठेवा. दुसरा ससा लगेच आणू नका, मागचा बदलून दिल्यासारखं होतं ते.

नवराबायकोत दोषारोप चालू असतील तर दोघांनी वेगवेगळं लिहा, त्या दिवशी सकाळी मला नक्की काय माहीत होतं, संध्याकाळचं काही घ्यायचं नाही. बहुतेक घरांत दोन्ही कागद जवळपास सारखे निघतात, आणि भांडण तिथेच अर्धं होतं. ज्याच्या हातून झालं तो जास्त गप्प असेल तर त्याच्याकडे आधी बघा, जो ओरडतोय तो निदान बोलतोय तरी.

आणि काही आठवडे उलटूनही झोप नाही, जेवण नाही, शाळा किंवा काम सुटलंय, किंवा "मी पण नसायला हवं होतं" असं एकदा जरी तोंडातून आलं, तर ते शोक म्हणून सोडून देऊ नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना फोन करा, तिथे "सशासाठी एवढं?" असं कुणी विचारणार नाही.