वाचकांचे प्रश्न : टोकियोतले जुने कपडे आणि काउंटरवरचं जेवण

गेल्या अंकात टोकियोतल्या जुन्या कपड्यांच्या दुकानांबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग लागला. मी इथे एका शिवणघरात पॅटर्न कापते. त्यामुळे कपड्यांची उत्तरं लांबणार आणि बाकीची आखडणार, हे आधीच सांगून टाकते.

ताई, मुलीकडे टोकियोला येते आहे. तीन दिवस मला एकटीला मोकळे आहेत. मुलीने विंटेज दुकानांची भलीमोठी यादी पाठवली आहे. सुरुवात कुठून करू?

यादी मुलीला परत करा. एका दिवशी एकच वस्ती, एवढा नियम पाळा. ही दुकानं एकेका गल्लीत दाटीने आहेत. एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत पळालात तर दिवस गाडीत जाईल आणि हातात फक्त फोनवरचा नकाशा राहील.

पहिला दिवस शिमोकिताझावाला द्या. शिबुयाहून केइओ इनोकाशिरा मार्गाची एक्सप्रेस पकडलीत तर ते पहिलंच स्थानक. सकाळी नऊला पोचू नका, नुसती शटरं बघाल. अकरा-बाराच्या आधी इथे कोणी उठत नाही. २०१३ मध्ये ओदाक्यू मार्गाचे रूळ जमिनीखाली गेले आणि वर मोकळ्या झालेल्या पट्टीवर बोनस ट्रॅक, रीलोड अशी नवी संकुलं उभी राहिली. बसायला, कॉफी प्यायला छान आहेत. कपडे मात्र स्थानकाच्या उत्तरेकडच्या जुन्या अरुंद गल्ल्यांत शोधा.

दुसरा दिवस कोएंजीला. माझं मन तिथे जास्त रमतं. दुकानं लहान, मालक गप्प, आणि माल बघणाऱ्याला कोणी घाई करत नाही. दक्षिणेच्या दाराने बाहेर पडलात की छप्पर असलेली पाल नावाची बाजारपेठ लागते. ती संपली की लुक नावाची गल्ली सुरू होते. तिथून पार शिन-कोएंजीच्या भुयारी स्थानकापर्यंत चालत जा. एक खाचखळगा सांगते: शनिवार-रविवारी चुओ मार्गाची नारिंगी पट्ट्याची जलद गाडी कोएंजीला थांबत नाही. पिवळ्या पट्ट्याची धीमी घ्या. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवार-रविवारी तर जाऊच नका. तेव्हा तिथे आवा ओदोरी हा नाच असतो, १९५७ पासूनचा. नाच बघायला जरूर जा, खरेदीला नको.

तिसरा दिवस मुलीला द्या.

खरोखर जुना कपडा आणि जुना दिसावा म्हणून केलेला कपडा, यातला फरक मला कसा कळणार? दुकानदाराची भाषाही येत नाही.

भाषा लागत नाही. कपडा उलटा करा. उलट्या बाजूला खोटं बोलणं अवघड असतं.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. इथल्या दुकानांत अमेरिकी माल एवढा का? युद्धानंतर अमेरिकी लष्कराचा माल उएनोजवळच्या आमेयोकोसारख्या बाजारांत विकला जायचा, आणि त्या कपड्यांची गोडी पुढच्या पिढ्यांना लागली. नंतर इथले व्यापारी थेट अमेरिकेत जाऊन गठ्ठेच्या गठ्ठे उचलू लागले. म्हणून खुणाही बऱ्याचशा अमेरिकी कपड्यांच्याच शिकायच्या.

टी-शर्टची बाही आणि खालची दुमड बघा. साधारण १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या पुष्कळ अमेरिकी टी-शर्टना तिथे एकेरी टीप असते. पुढे दुहेरी टिपेची यंत्रं सर्रास झाली. पण आता नवे टी-शर्टही मुद्दाम एकेरी टिपेचे शिवतात, तेव्हा एवढ्यावर विसंबू नका. कापड हाताला कसं लागतं ते बघा, आणि मानेच्या पट्टीची झीज बाकी शर्टाच्या झिजेशी जुळते का तेही. छाती विटलेली आणि मान कोरी करकरीत असेल तर मी शर्ट परत अडकवते.

धुण्याच्या सूचनेची पट्टी शोधा. अमेरिकेत ती कपड्यात कायमची शिवणं १९७२ पासून बंधनकारक झालं. पट्टी नाही, आणि ती कापल्याचे दोरेही शिवणीत अडकलेले नाहीत, तर कपडा त्याआधीचा असू शकतो. बायकांच्या अमेरिकी कपड्यांत कधी कधी इंटरनॅशनल लेडीज गारमेंट वर्कर्स युनियन या शिवणकामगारांच्या संघटनेची छोटी पट्टी मिळते. तिचं लाल-पांढरं-निळं रूप १९७४ ते १९९५ या काळातलं. मला ती सापडली की कपडा घ्यायचा नसला तरी मी दोन मिनिटं तिथेच रेंगाळते.

जीन्सबद्दल सगळेच विचारतात. लीव्हायसच्या मागच्या खिशावरच्या लाल पट्टीत नावातला ‘ई’ मोठ्या लिपीतला असेल तर ती १९७१ च्या आसपासची किंवा आधीची, असं ऐकून लोक येतात. ते खरं आहे, पण अर्धंच. कंपनी स्वतःच जुन्या नमुन्यांच्या नव्या आवृत्त्या काढते, त्यांतही तो मोठा ‘ई’ असतो. जपानी कारखान्यांनी तर जुन्या जीन्सची हुबेहूब पुनर्निर्मिती करण्यात नाव काढलं आहे. ती फसवणूक नव्हे, उत्तम माल आहे. फक्त जुन्याच्या भावात घेऊ नका.

आणि हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. पॉलियुरेथेनचा थर दिलेली जाकिटं आणि तसल्या तळव्यांचे बूट जुने घेऊ नका. हवेतल्या ओलाव्याने ते रसायन आतून तुटत जातं. कपाटात नुसते ठेवलेले बूटही एक दिवस पायात भुगा होतात. जाकिटाच्या आत हात घालून अस्तर चोळा. चिकट लागलं किंवा बोटांना पापुद्रे आले तर विषय संपला. बगल, कॉलरची आतली बाजू आणि झिपचं खालचं टोक ही बाकीची तीन ठिकाणं. डाग बहुधा तिथेच लपतात.

सासूबाई म्हणतात, दुसऱ्याचे उतरलेले कपडे अंगावर घालू नयेत. काय उत्तर देऊ?

देऊ नका. कपडा घरी आणा, धुवा, उन्हात घाला आणि त्यांना नुसता हात लावू द्या. बऱ्या दुकानांत माल निवडून आणि साफ करूनच मांडतात. तरी वास घ्यायला लाजू नका. अस्तरात मुरलेला सिगारेटचा किंवा कुबट वास एका धुण्यात जात नाही.

माप कसं कळणार? मला जपानी ‘एल’ही घट्ट होतो.

पट्टीवरचं अक्षर विसरा. जुन्या कपड्यांत ते आजच्यापेक्षा लहान निघतं. तुम्हाला नीट बसणारा एक शर्ट घरी सपाट पसरा आणि खांदा, एका बगलेपासून दुसऱ्या बगलेपर्यंतचं अंतर आणि उंची सेंटिमीटरमध्ये लिहून घ्या. पुष्कळ दुकानं चिठ्ठीवर हीच सपाट मापं देतात. नसतील तर पर्समधली टेप काढा, कोणी हसत नाही. बगलेतलं माप दुप्पट केलं की छातीचा घेर.

घालून बघायच्या खोलीत चपला बाहेर काढायच्या. आत पातळ कापडाची पिशवी दिसली तर ती डोक्यावरून, तोंडावर घ्यायची असते, पावडर-लिपस्टिक कपड्याला लागू नये म्हणून. आरशात स्वतःचं भूत बघून दचकू नका.

मी शाकाहारी. एकटीने कुठल्याही छोट्या हॉटेलात शिरायचं धाडस होत नाही.

एकटीने जेवायला टोकियोइतकं सोयीचं शहर मला तरी माहीत नाही. काउंटरवर एका माणसाची खुर्ची हीच इथली नेहमीची मांडणी. दाराशी जेवणाची चिठ्ठी देणारं यंत्र असेल तर आधी पैसे टाका, मग चित्राचं बटण दाबा, चिठ्ठी काउंटरवर ठेवा. टिप द्यायची नाही. खुर्चीखाली टोपली असेल तर ती पिशव्यांसाठी.

शाकाहाराचं मात्र गोड बोलून भागत नाही. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हटलंत की मांसाचे तुकडे काढून तोच रस्सा समोर येऊ शकतो. दाशी नावाचा पाया-रस्सा बहुतेक ठिकाणी सुकवलेल्या बोनिटो माशाचा असतो. सोबा नूडल्सबरोबरच्या बुडवायच्या रसातही तो असतो. शिमोकिताझावा करीच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे, पण भाजीच्या सूप करीचं सूपही कोंबडीच्या हाडांचं असू शकतं. मुलीकडून जपानीत चिठ्ठी लिहून घ्या: मांस नाही, मासे नाहीत, माशाची किंवा हाडांची दाशीही नाही. शेवटचे शब्द सगळ्यात महत्त्वाचे. दुपार अडलीच तर जुन्या पद्धतीच्या कॉफीघरात, म्हणजे किस्सातेनमध्ये जा. जाड टोस्ट, लोणी, कॉफी, आणि तासभर कोणी उठवत नाही. काही जुन्या, छोट्या कॉफीघरांत अजून सिगारेट ओढू देतात. दारावरची पाटी बघून शिरा.

पैशांचं काय? पर्यटकांना कर माफ असतो म्हणे.

असतो, पण नोंदणी केलेल्या दुकानांतच, आणि मूळ पासपोर्ट जवळ हवा. एका दुकानात एका दिवसात कर सोडून किमान ५,००० येनची खरेदी लागते. आतापर्यंत १० टक्के कर दुकानातच वजा व्हायचा. १ नोव्हेंबर २०२६ पासून आधी कर भरायचा आणि देश सोडताना तपासणीनंतर तो परत मिळवायचा, अशी पद्धत आहे. कोएंजीतल्या चिमुकल्या दुकानांत हा प्रश्न फारसा येतच नाही.

रोख ठेवाच. जुलै २०२४ मध्ये नव्या नोटा आल्या, आणि छोट्या हॉटेलांतली काही जुनी यंत्रं त्या घेत नाहीत. चिठ्ठीच्या यंत्रासाठी हजार येनच्या जुन्या नोटा आणि नाणी वेगळ्या खिशात ठेवा.