ट्रकच्या ताफ्यात अपघातांचे प्रमाण कसे मोजावे? आमच्या ६० गाड्यांना वर्षभरात ९ अपघात झाले, हे जास्त आहे की कमी?

गाड्यांची संख्या आणि अपघातांची संख्या एवढ्यावरून या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. तसे उत्तर देणाऱ्यांनी आमच्याकडे एका चांगल्या चालकाचे नुकसान केलेले मी पाहिले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

कंटेनर वाहतुकीच्या एका कंपनीत मी अनेक वर्षे ट्रॅफिक विभाग सांभाळला. आमच्या ३० गाड्या न्हावा शेव्याहून पुणे, कोल्हापूर, कागल ओलांडून बंगळूरपर्यंत लांब पल्ल्यावर जात, तर ३० गाड्या बंदर आणि आसपासची गोदामे यांच्यात दिवसभर खेपा मारत. वर्षअखेरच्या बैठकीत व्यवस्थापकांनी तक्ता मांडला, त्यात लांब पल्ल्याच्या गाड्यांचे ११ अपघात होते आणि स्थानिक गाड्यांचे ६. गाड्या दोन्हीकडे सारख्याच, म्हणून स्थानिक विभागाला सुरक्षेचे बक्षीस जाहीर झाले आणि लांब पल्ल्याच्या चालकांना समज देण्यात आली. मी त्याच बैठकीत लॉगबुकांची बेरीज पुढे ठेवली. लांब पल्ल्याच्या गाड्या वर्षात एकूण सुमारे ३३ लाख किलोमीटर चालल्या होत्या आणि स्थानिक गाड्या सुमारे ७.२ लाख. म्हणजे दर लाख किलोमीटरमागे पहिल्यांचे ०.३३ अपघात आणि बक्षीस मिळालेल्यांचे ०.८३. व्यवस्थापकांचे म्हणणे असे पडले की मालकांना गाडी दिसते, किलोमीटर दिसत नाहीत. तिथे चर्चा संपली. वर्षात तीन अपघात नोंदले गेले म्हणून आमच्या एका अनुभवी चालकाला पुढच्याच महिन्यात कमी करण्यात आले. त्याच्या गाडीने त्या वर्षात १ लाख ३० हजार किलोमीटर कापले होते, बहुतेक रात्री आणि बोरघाट व खंबाटकीच्या चढ-उतारांवर. शिवाय तीनपैकी दोन वेळा मागून येणाऱ्याने त्याच्या ट्रेलरला धडक दिली होती. तो चालक आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे.

किलोमीटरने भागणे हा काही माझा शोध नाही. आपल्याकडची एसटी आणि इतर राज्यांची परिवहन महामंडळे अपघातांचे प्रमाण दर लाख किलोमीटरमागेच सांगतात. अमेरिकेत ते दर दहा लाख मैलांमागे सांगतात. दहा लाख मैल म्हणजे सुमारे १६ लाख किलोमीटर, त्यामुळे तिकडचा आकडा इथे लावायचा असेल तर आधी १६ ने भागावे, नाहीतर भलताच निष्कर्ष निघतो. तुमच्या गाड्या सरासरी ८० हजार किलोमीटर चालत असतील तर एकूण ४८ लाख किलोमीटर होतात आणि प्रमाण लाखामागे सुमारे ०.१९ येते. सरासरी २५ हजारच असेल तर तेच प्रमाण ०.६ होते.

त्याआधी अपघात कशाला म्हणायचे ते लेखी ठरवा, कारण सगळा घोळ तिथेच असतो. अमेरिकेतील नियमात मृत्यू, घटनास्थळापासून दूर नेऊन उपचार करावे लागतील अशी इजा, किंवा ओढून न्यावी लागेल इतके गाडीचे नुकसान, यांपैकी काही झाले तरच तो नोंदणीयोग्य अपघात धरला जातो, मग चूक कोणाचीही असो. आरसा तुटणे, बंपर घासणे यांचा हिशेब वेगळा ठेवा, पण ठेवाच. चूक कोणाची याचा निवाडा मोजणीत मिसळू नका. आधी मोजा, मग स्वतंत्रपणे चौकशी करा.

‘शून्य अपघात’ बोनस देऊ नये, या मतावर मी आजही ठाम आहे. आमच्याकडे तो सुरू झाला आणि वर्षभरात नोंदलेले अपघात निम्म्यावर आले, त्याचे मोठे कौतुकही झाले. मात्र स्टोअरच्या रजिस्टरमध्ये हेडलाइट, आरसे आणि बंपर यांची मागणी तसूभरही कमी झाली नव्हती, आणि कळंबोलीच्या गॅरेजांत चालक स्वतःच्या खिशातून पत्रा सरळ करून घेत होते. ज्याला बोनस बुडण्याची भीती आहे तो अपघात कळवणार नाही, आणि न कळवलेल्या अपघातातून कोणालाच काही शिकता येणार नाही. सुट्या भागांची बिले आणि विम्याचे क्लेम अपघात नोंदवहीशी दर महिन्याला ताडून पाहा.

आता दोन गोष्टी माझ्या स्वतःच्या हिशेबाविरुद्धही सांगायला हव्यात. सरासरी ९ अपघात होणाऱ्या ताफ्यात पुढच्या वर्षी ४ झाले किंवा १४ झाले तरी तो निव्वळ योगायोग असू शकतो. म्हणून एका वर्षावरून बक्षीस देऊ नये आणि शिक्षाही करू नये, निदान तीन वर्षांची बेरीज घ्यावी. एकट्या चालकाचे आकडे तर इतके लहान असतात की केवळ प्रमाणावरून त्याच्याबद्दल काहीच ठरवता येत नाही, माझ्या त्या चालकाच्या बाजूनेसुद्धा नाही. दुसरे म्हणजे बंदरातल्या गाडीचे बहुतेक अपघात मागे घेताना आणि गोदामाच्या दारात होतात. तिथे किलोमीटरपेक्षा दर हजार खेपांमागे मोजणे योग्य, आणि घाटातल्या गाडीशी तिची तुलना किलोमीटरवरही पुरती न्याय्य होत नाही. तरीही दर गाडीमागे मोजण्याचे समर्थन यातून होत नाही, कारण उभ्या गाडीलाही तो हिशेब सुरक्षित ठरवतो.

तुमच्या ९ अपघातांपैकी किती महामार्गावर झाले, किती गाडी मागे घेताना झाले आणि ६० गाड्यांचे मिळून किलोमीटर किती झाले, एवढे कळवलेत तर जास्त की कमी हे अधिक नेमके सांगता येईल.